मंगळावरची मेंढरं

हनुमंत कोकरे दुकानात आला की मी आधी पंखा वाढवते, कारण हा माणूस लवकर जाणार नसतो. ओतूरला एसटी स्टँडच्या समोरच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, जे येईल ते मी टाइप करते आणि त्यातलं एक अक्षरही डोक्यात ठेवत नाही. ठेवलं असतं तर एव्हाना वेड लागलं असतं. हनुमंताचा कागद मात्र टाइप करायचा म्हणजे त्यावर वाद घालायचा. वाद घालायला मला आवडतं, हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

हनुमंत बेल्ह्याच्या पुढे, आणे पठाराच्या अंगाला असलेल्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, लशीच्या पेटीतला बर्फ बघायचा, हे त्याचं काम. लोक त्याला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, असं तो दर वेळी सांगतो आणि लोक दर वेळी म्हणतात, बरं डॉक्टर. घराणं मेंढपाळांचं. वडील हयातभर मेंढरांमागं फिरले. हा ओतूरच्या कॉलेजात अकरावी-बारावी सायन्सला आला, केमिस्ट्रीत दोनदा आपटला आणि परत गेला. तरी सायन्सचं वेड काही गेलं नाही. चाळिशी उलटल्यावर हा गडी विज्ञानकथा लिहायला लागला.

वहीत लिहितो, रेघांच्या, दोन्ही बाजूंनी. अक्षर असं की मुंग्या शाईतून चालून गेल्यात. पहिली कथा त्यानं आणली तेव्हा मी एका जागी 'लाखो प्रकाशवर्षांनंतर' असं टाइप केलं, कारण टीव्हीवर तसंच म्हणतात. हा खुर्चीतून उठला.

"ताई, मी 'लाखो वर्षांनंतर' लिव्हलं व्हतं."

"प्रकाशवर्ष भारी वाटतं."

"प्रकाशवर्ष म्हंजी अंतर हाय, ताई. ओतूर ते बेल्हे कसं किलोमीटरमदी सांगतो, तसं. 'मी पंचवीस किलोमीटरनंतर लगीन केलं' असं कोन म्हनल का?"

मी बदललं, आणि वर चहा मागवला, कारण खरंच हसू आलं होतं.

शब्दासाठी तो कुठंही जायचा. खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, तिथं विज्ञान दिनाला लोकांसाठी प्रदर्शन असतं. हा रांगेत उभा राहून एकच प्रश्न विचारून आला, की दुर्बीण अवकाशातला आवाज 'ऐकते' असं लिहिलं तर चालेल का. नाही चालणार, असं त्याला तिथल्या माणसानं समजावलं. त्यानं गोष्टीतली दोन पानं फाडली. दोन पानं फाडून माणूस खूश होऊन येतो, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मंगळावरच्या मेंढरांची गोष्ट लिहिताना तर त्यानं माझ्या नाकी नऊ आणले. पुढच्या शतकात मंगळावर काचेच्या घुमटाखाली वस्ती झालीय, तिथं मेंढरं नेलीत, आणि त्यांना सांभाळायला सृष्टी नावाची एक धनगराची मुलगी आहे, जी शिकून डॉक्टर झालीय. इथवर ठीक. पण मंगळावर मेंढीला औषध किती द्यायचं, यावर हा पंधरा दिवस अडून बसला. औषध वजनावर देतात. तीस किलोची मेंढी मंगळावर ताणकाट्याला लावली तर साडेअकराच्या आतबाहेर भरेल. मग डोस कमी करायचा का? शेवटी त्याच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, वजन कमी भरलं तरी मेंढी तेवढीच आहे, डोस तीस किलोचाच. मग त्यानं 'वजन' खोडून 'वस्तुमान' लिहिलं, आणि सृष्टीच्या तोंडी त्याचा खुलासा असा घातला की मला सुद्धा कळला.

एवढा काटेकोर माणूस. आणि याच गोष्टीत मी त्याला खड्ड्यात घातलं.

झालं असं. घुमटाखाली पहिल्यांदा कोवळं गवत उगवतं, मेंढरं त्यावर तुटून पडतात आणि भराभर आडवी होतात. हा रोग खरा आहे. पावसाळ्यात हिरवं फुटलं की आपल्याकडेही होतो. दवाखान्यात त्याला आंत्रविषार म्हणतात. पोटातले जंतू एकदम वाढून विष सोडतात, आणि सकाळी चरणारं धडधाकट मेंढरू दुपारी पाय झाडत पडतं. हनुमंतानं लिहिलं होतं, 'सृष्टीने प्रतिविष टोचले. एका तासात मेंढरे उठून उभी राहिली.'

"प्रतिविष कोणाला कळणार आहे?" मी म्हणाले. "लस करू या."

"लस न्हाई ओ ताई. लस आधी देत्यात. ती अंगाला शिकवती, रोग आला तर कसं लढायचं ते. शिकायला दोन-तीन आठवडं लागत्यात. मेंढरू आडवं झाल्यावर शाळंत घालून काय उपेग? प्रतिविष म्हंजी तयार इलाज, इषाला थेट जाऊन धरतो."

"हनुमंता, करोनापासून लस हा शब्द शेंबड्या पोराला माहीत आहे. तुझं प्रतिविष वाचून लोक पान उलटतील. आणि मंगळावर तपासायला कोण जातंय?"

दिवाळी अंकाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, आणि मला, खरं सांगायचं तर, भूक लागली होती. तो खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "करा." शब्द चार ठिकाणी होता. मी एका बटणात चारही बदलले आणि 'टोचले'चं 'टोचली' केलं.

गोष्ट छापून आली, गाजली. संपादकांचं कौतुकाचं पत्र आलं, ते त्यानं माझ्याकडूनच लॅमिनेट करून घेतलं.

आता एक रीत सांगायला हवी. बेल्ह्याला जनावरांचा बाजार भरतो. दुपारी सौदे मंदावले की व्यापारी आणि मेंढपाळ टेंपोच्या सावलीत टेकतात, आणि हनुमंत त्यांना आपली छापलेली गोष्ट वाचून दाखवतो. ही मंडळी मुकाट ऐकणारी नव्हेत. मेंढी अशी बसत नाही, कोकरू असं ओरडत नाही, गाभण मेंढी कळपाच्या पुढं चालत नाही, असं म्हणून ते वाचन अडवतात. मंगळाचं त्यांना वावडं नाही, मेंढरू मात्र चुकता कामा नये. शेवटपर्यंत कोणी अडवलं नाही तर गोष्ट पास. बाजारात पास झालेली गोष्ट मग पठारावर खरी म्हणूनच फिरते. मंगळावरची गोष्ट दोनदा अडली, खुरांवरून आणि लोकरीवरून. लशीवरून कोणीही अडवलं नाही. कारण टोचलं की बरं होतं, असंच त्या सगळ्यांना वाटत होतं.

ऐकणाऱ्यांत पुढे बसले होते हनुमंताचे मामा, जानकूमामा. त्याच्या आईचा, चिमाबाईंचा, हा थोरला भाऊ. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण एकदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवणारा. सत्तर मेंढरं. आता पूर्वीसारखे मेंढरं चारायला कोकणात जात नाहीत, गुडघे गेलेत. पठारावरच चारतात. हनुमंताला लहानपणी खांद्यावर बसवून यांनीच फिरवलं, आणि भाचा छापून येतो याचा अभिमान आईबापापेक्षा यांनाच जास्त.

जूनमध्ये लसीकरणाचं पथक मामांच्या वाड्यावर गेलं. वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांचा तळ. हनुमंताला त्या आठवड्यात पठारावरच्या दुसऱ्या गावांत पाठवलं होतं. मामांनी पथकाला चहा पाजला आणि परत पाठवलं. निम्म्या मेंढ्या गाभण आहेत, आता टोचलं तर गाभडतील, रोग आला की टोचू. पथकातल्या पोरानं समजावून पाहिलं, तर मामा म्हणाले, "आमच्या डॉक्टरनं लिव्हलंय. एका तासात उठून उभी ऱ्हात्यात."

ऑगस्टात पावसानं चार दिवस उघडीप दिली. पठारावर हिरवंगार झालं. सकाळी सातला हनुमंताचा फोन वाजला.

"डॉक्टर, लस घिऊन ये. सात पडल्यात."

तो गेला. हे मला त्यानं नंतर सांगितलं, तेही तुटक तुटक, टेबलावरचा स्टेपलर उघडत-मिटत. मेंढरं मान मागं टाकून पाय झाडत होती. मामा वाड्याच्या दोरीपाशी उभे होते, शांत. हा पोचला म्हणजे आता सगळं ठीक होणार, अशा चेहऱ्यानं. हनुमंतानं जे हातात होतं ते केलं. डॉक्टरांना बोलावलं, उरलेल्या मेंढरांना हिरव्यातून काढून वाळल्या चाऱ्यावर घातलं.

"लस टोच की," मामा म्हणाले.

"मामा, आता लस चालत न्हाई. ती आधी द्याची असती."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्याच गोष्टीतलं वाक्य, त्याच्याच वाचण्याच्या सुरात, हळूच म्हणून दाखवलं. "सृष्टीने लस टोचली. एका तासात मेंढरे उठून उभी राहिली."

दोन दिवसांत चौदा मेंढरं गेली. रोगाचं असं की दांडगी, खाऊनपिऊन टंच असलेली आधी जातात.

राखीला मामा बहिणीकडे आले नाहीत. साठ वर्षांत पहिल्यांदा. चिमाबाईंनी दिवसभर ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी राखी देवापुढं ठेवली. लेकाला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि त्याला तेच सोसेना.

हे सगळं सांगून हनुमंत म्हणाला, "ताई, त्या गोष्टीची फाईल पुसून टाका. पुण्याचे प्रकाशक पुस्तकात घेनार व्हते, त्यांना नको म्हनून सांगितलं."

"आणि पुढची?"

"पुढची न्हाई. मी आता न्हाई लिवनार."

मी वाट बघत होते की तो म्हणेल, ताई, तुम्हीच बदलायला लावलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. तो स्टेपलर मिटून उठला. मामांनाही, गावालाही त्यानं एकच सांगितलं होतं, माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. माझं नाव कुठंच नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. माझ्या दुकानात रोज शंभर शब्द चुकतात, कुणाचं नाव, कुणाचा गट नंबर, मी खोडते आणि पुढं जाते. हा शब्द तर चुकलाही नव्हता. बरोबर लिहून आलेला शब्द मी, मला भूक लागली म्हणून, चुकीचा केला होता.

फाईल मी पुसली नाही. दसऱ्यानंतरच्या बाजाराला दुकान बंद करून मी बेल्ह्याला गेले. जानकूमामा दोन कोकरं घेऊन बसले होते, विकण्यापेक्षा बसायलाच आल्यासारखे. मी कोण ते सांगितलं. मग म्हणाले, "मामा, तुमच्या भाच्यानं बरोबर लिहिलं होतं. तो शब्द मी बदलला. तो नको म्हणत होता."

ते बराच वेळ कोकराच्या कानामागं खाजवत राहिले.

"तुमी कदी मेंढरू त्या रोगानं मरताना बगितलंय का?"

"नाही."

"मग तुमाला काय म्हनू मी? तुमाला म्हाईत न्हवतं." त्यांनी मान हलवली. "त्यानं बगितलंय. ल्हानपनापास्नं बगितलंय. त्याला म्हाईत व्हतं. मग त्यानं तुमचं ऐकलंच का?"

हनुमंताचा कैवार घ्यायला मी आले होते आणि मामांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. मी रडले, बाजारात, सगळ्यांसमोर. मला त्याची लाज वाटली नाही.

मामांनी पाण्याची बाटली पुढं केली. "त्याला सांगा, ती गोष्ट नीट कर. पुसायची न्हाई. पुसली तर लोकांच्या डोक्यात जुनीच ऱ्हाईल. आन छापायच्या आदी मला ऐकव म्हनावं. बाजारात न्हाई. मला एकट्याला."

पुढच्या आठवड्यात दोघं मोटारसायकलवरून ओतूरला आले. दोघांत बोलणं नव्हतं. मामा माझ्या खुर्चीत न बसता उंबऱ्यापाशी खाली बसले, पाय लांब करून. मी दार लोटलं आणि फाईल उघडली. हनुमंतानं चारही ठिकाणी 'प्रतिविष' घालायला सांगितलं. मग तो स्क्रीनवरून वाचू लागला. आवाज आधी बसका होता, घुमट आला, सृष्टी आली, तसा जरा मोकळा झाला.

"थांब," मामा म्हणाले. "प्रतिविष म्हंजी काय?"

हनुमंतानं समजावलं. आजार झाल्यावर द्यायचं, तेही अगदी लगेच दिलं तर. विषाला जाऊन धरतं.

"आसं औषद हाय? खरंच?"

"हाय, मामा."

"मग त्या दिशी का न्हाई आनलं?"

"आपल्या दवाखान्यात नसतं. लवकर मिळायसारखं जवळपास कुठंच नव्हतं. म्हनून तर लस आधी द्याची."

माझ्या डोक्यात आलं, शब्द बरोबर झाला खरा, पण या म्हाताऱ्याला त्याचा काय उपयोग? मंगळावरच्या मेंढरांना मिळालेलं औषध त्याच्या मेंढरांना मिळालंच नसतं.

"मग ह्ये बी लिही," मामा म्हणाले. "हितं मिळत न्हाई म्हनून."

"मामा, गोष्ट मंगळावरची हाय."

"आसंल. ऐकनारं हितलंच हाय ना."

हनुमंत माझ्याकडे बघायला लागला. मी या वेळी काही सुचवलं नाही. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले, आणि माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं हे मलाच ठाऊक. त्यानं वही काढली, लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग वाचून दाखवलं. मेंढरं उभी राहतात आणि सृष्टी आपल्या मदतनिसाला सांगते, 'माझ्या पणजोबांच्या गावात हे प्रतिविष वेळेवर मिळत नसे. तिथे एकच उपाय होता, पावसाळ्याआधी निरोगी मेंढराला लस टोचून घेणे. ज्यांनी घेतली, त्यांची मेंढरे वाचली. ज्यांनी नाही घेतली, त्यांची गेली.'

"गाभन मेंढीचं?" मामांनी विचारलं.

"गाभन मेंढीलाबी देता येती. जपून, डॉक्टरला इचारून. घालतो." त्यानं घातलं.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते, म्हणजे पाठ करून घेत होते.

"समदं बरुबर हाय. येक शब्द बरुबर न्हाई," ते म्हणाले.

हनुमंताचा चेहरा उतरला. "कोनता?"

"'ज्यांनी नाही घेतली.' ज्यांनी म्हंजी कुनी? बाजारात ह्ये वाचशील तवा परत्येकजन म्हनल, दुसरंच कुनीतरी. माजं नाव टाक. जानकू धनगरानं लस परत धाडली आन त्याची चौदा मेंढरं गेली, आसं लिही."

"मामा, नको. चूक माजी व्हती."

"तुजी व्हती ती तू नीट केली. ही माजी हाय. त्या पोरानं मला सांगितलं व्हतं, मीच ऐकलं न्हाई." त्यांनी डोळे उघडले. "लिही."

हनुमंताला लिहवेना. पेन हातात धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला. मामा उठले नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, पण बसल्या जागेवरून त्यांनी हात लांब करून त्याच्या पायावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमी लिवा. त्याला जमायचं न्हाई."

मी वहीतला मजकूर टाइप केला, आणि 'ज्यांनी नाही घेतली'च्या जागी त्यांचं वाक्य, त्यांच्या नावासकट, घातलं. बरोबर झालंय का ते दोनदा तपासलं.